लिफ्टच्या खड्ड्यातला मासा

सोर ओरेस्ते बोटांच्या पेरांनी भिंती ठोकून बघायचे, डॉक्टर रोग्याची छाती ठोकतो तशा. ठोकायचे, कान लावायचे, डोळे मिटायचे आणि मग मागे उभ्या असलेल्या आपल्या कळपाकडे वळून हळूच म्हणायचे, "पोकळ!" त्यावर कळपातल्या बायका "आहा!" करायच्या. भिंत पोकळ लागणारच. तिच्या पलीकडे माझं इस्त्रीचं दुकान. एका रविवारी मला राहवलं नाही, आणि त्यांनी बाहेरून ठोकल्यावर मी आतून तीनदा ठोकून उत्तर दिलं. त्या दिवसापासून माझ्या दुकानाच्या भिंतीत एक जोगीण जिवंत गाडलेली आहे. ती का गाडली, कोणत्या सरदारावर तिचा जीव जडला होता, सगळा तपशील सोर ओरेस्तेंना ठाऊक. दुकानाचा दरवाजा मात्र त्यांनी कधी उघडून बघितला नाही.

सोर म्हणजे आमच्या बोलीत 'श्रीयुत', बाईमाणसाला 'सोरा'. या गृहस्थांचा जन्म आमच्याच इमारतीच्या चौकातला. जिना ब, दुसरा मजला. तीस वर्षं ट्राममध्ये तिकीट तपासनीस होते. दिसेल त्याला "तिकीट?" विचारण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि जगातला प्रत्येक जण आपल्यापासून काहीतरी लपवतोय अशी त्यांची पक्की समजूत झाली. निवृत्त झाल्यावर तपासायला माणसं उरली नाहीत, म्हणून ते भिंतींवर संशय घ्यायला लागले. रोममध्ये भिंतींना तोटा नाही.

लग्न केलं नाही. बाजारातल्या एका आर्टिचोकवालीचं मन होतं त्यांच्यावर, बाई दिसायलाही बरी होती. हे महाशय पहिल्याच भेटीत तिला कुठल्याशा देवळाच्या तळघरात घेऊन गेले आणि दुपारभर एका मोरीचा इतिहास सांगत बसले. ती वर उजेडात आली ती सरळ एका खाटकाशी लग्न करूनच थांबली.

दर रविवारी सकाळी गळ्यात रेशमी रुमाल, हातात उंच धरलेली बंद छत्री आणि मागे 'अज्ञात रोम मंडळ' अशी त्यांची स्वारी निघायची. मंडळ म्हणजे आठ-नऊ निवृत्त माणसं आणि एका दाताच्या डॉक्टरांची विधवा, आमची डॉक्टरीणबाई. ही विधवा त्यांच्याकडे असं बघायची की जणू तेच पोप आहेत आणि ट्रामने आलेत. आमच्या फाटकाशेजारी भिंतीत एक लोखंडी कडी आहे. सोर ओरेस्ते सांगायचे, इथे एका कार्डिनलचं खेचर बांधलेलं असायचं. ती कडी माझ्या बापाने स्कूटरला साखळी लावायला बसवलेली! मी तसं सांगितलं तर मला म्हणाले, "लोरेदाना, तुझ्या बापाला ती जागा का सुचली, याचा कधी विचार केलायस?" मी त्यांच्या शर्टावर जरा जास्तच कांजी मारली.

अशा माणसाच्या चौकात आम्हाला खड्डा खणायचा होता.

खड्डा लिफ्टचा. लिफ्ट हवी होती ती चौथ्या मजल्यावरच्या सोरा एर्सिलियासाठी. तिचं कंबरेचं हाड मोडलं, जुळलं, पण जिना संपला. दोन हिवाळे ती खाली उतरली नव्हती. समोर, गल्लीच्या पलीकडे तळमजल्यावर तिची धाकटी बहीण आर्जिया राहते. तिचे गुडघे गेलेले, तिला चार मजले चढणं शक्य नाही. मग दोघी बहिणी खिडकीतून ओरडून बोलायच्या, आणि अख्खी गल्ली ऐकायची. पुढे आर्जियाचे कानही जायला लागले. वरून सोरा एर्सिलिया विचारायची, "आज काय शिजवलंस?" खालून उत्तर यायचं, "मंगळवार!" आधी आम्ही हसलो. मग हळूहळू हसणं थांबलं, कारण वरची बाई रोज जास्त जोराने ओरडायची, आणि खालची रोज कमी वेळा मान वर करायची. एक दिवस सोरा एर्सिलिया मला म्हणाली, "पोरी, लिफ्ट लवकर आली तर बरं. मी खाली पोचेपर्यंत हिच्या कानात शिरण्याइतका आवाज तरी माझ्यात शिल्लक हवा."

लिफ्टवरून रहिवाशांच्या बैठकीत भांडणं किती झाली, ते सांगत नाही. सोर ओरेस्ते अर्थातच विरोधात. लिफ्टने म्हणे चौकाचं ऐतिहासिक सौंदर्य बिघडणार. आमच्या चौकाचं सौंदर्य म्हणजे कचऱ्याचे डबे, एक अंजिराचं झाड आणि त्यांच्याच खिडकीतले सुकत घातलेले मोजे. शेवटी सगळ्यांनी हात वर केले, त्यांनीही केला, आणि मुकादम नाझारेनो फावडी घेऊन आला.

इथे एक सांगायला हवं. आमच्या शहरात जमीन खणणं म्हणजे झोपलेल्या सासूच्या खाटेखालून ट्रंक ओढण्यासारखं आहे. गळका नळ काढायला कुदळ मारली तरी खालून कुणीतरी सम्राट नाक वर काढतो. मग पुरातत्त्ववाले येतात, दोऱ्या बांधतात, छोट्या ब्रशांनी माती झाडत बसतात, आणि तुमच्या नळाचं पाणी तुमची नातवंडं पितात. त्यांचं काम त्यांच्या जागी बरोबरच असेल. पण सोरा एर्सिलियाला नातवंडांइतका वेळ नव्हता.

एका बुधवारी सकाळी नाझारेनोचं फावडं वेगळं वाजलं. खर्र नाही, टक्क! मी इस्त्री उभी केली आणि दारात आले. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. नाझारेनोने टोपी काढली, टोपीनेच माती झाडली. जुन्या रोमनांनी जडवलेली, पांढऱ्या बारीक खड्यांची जमीन, आणि तिच्यात काळ्या खड्यांची एक शेपटी. माशाची. अशी सुबक वळलेली, की आत्ता पाणी उडवेल आणि मातीत निघून जाईल.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने रेडिओ मोठा केला. तिच्या शेजारच्या बाईने बरोबर खड्ड्यावर सतरंजी झटकायला घेतली. मी उगाच गाणं म्हणायला लागले, आणि माझा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल की वेळ काय आली होती. नाझारेनोने एक रिकामी बादली शेपटीवर पालथी घातली, तिच्यावर बसला आणि सिगारेट पेटवली. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडची पोरं चालायच्या आधी हे शिकतात.

नेमके तेवढ्यात सोर ओरेस्ते पेपर काखेत घेऊन फाटकातून आले.

"नाझारेनो, खड्ड्यात बसून काय करतोस?"

"दम खातोय, प्रोफेसर." प्रोफेसर म्हटलं की ते खूश होतात.

"आणि लोरेदाना गातेय का?"

"मला आनंद झालाय," मी म्हटलं.

"कशाचा?"

"ते अजून ठरलं नाही."

तीस वर्षं ज्याने फुकट्यांची तोंडं वाचली, त्याला आमची तोंडं वाचायला कितीसा वेळ लागणार? ते धुतलेल्या पँटसकट खड्ड्यात उतरले. "ऊठ," म्हणाले. नाझारेनो उठला. त्यांनी बादली उचलली.

मी खोटं बोलणार नाही. त्यांचा चेहरा मी पाहिला. आयुष्यभर स्कूटरच्या कड्या आणि गॅसच्या झाकणांवर पोसलेला माणूस, आणि समोर ही शेपटी. ते गुडघ्यांवर बसले. ठोकून बघायचं त्यांना सुचलंच नाही. बोट पुढे केलं, पण मध्येच थांबवलं.

वरून सोरा एर्सिलियाची हाक आली. "सोर ओरेस्ते! काय आहे हो खाली?"

कुणीतरी रेडिओ बंद केला. त्यांनी मान वर करून त्या खिडकीकडे पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"जुना पाइप आहे, सोरा एर्सिलिया," ते म्हणाले. "शिशाचा."

मग खड्ड्यावर ताडपत्री घालायला लावली, पँटची माती झटकली आणि जिना ब चढून गेले.

नाझारेनो छातीवर क्रूस काढून म्हणाला, "या शहरात देव अजून आहे." सोरा एर्सिलियाला पाइप आणि शेपटीतला फरक चौथ्या मजल्यावरूनही कळत होता. ती खिडकीत रडली. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे घरोघरी न्योक्की, बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे. तिने भलंमोठं भांडं भरून टोमॅटोच्या रश्शातले न्योक्की दोरीच्या टोपलीतून खाली सोडले. "सोर ओरेस्तेंना दे, पोरी. म्हणावं, एवढं मोठं मन मी माझ्या नवऱ्यातही पाहिलं नव्हतं." मी नेऊन दिले. त्यांनी घेतले. 'अहो, त्यात काय एवढं,' इतकंही तोंडातून आलं नाही. नुसतं "वर किसलेलं चीज घातलंय ना?" एवढं विचारलं. तरी मी त्यांना माफ केलं. त्यांच्या शर्टांच्या कॉलरी अशा काढून दिल्या की आरसा व्हावा. आज ते आठवलं की माझा उजवा हात खाजतो.

शुक्रवारी ते दुकानात आले. हातात पांढरं तागाचं जॅकेट. ते घालताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. "रविवारी सकाळी हवं," म्हणाले. "बाह्यांना घडी नको."

"लग्न आहे का कुणाचं?"

इतकं विचारायचीच खोटी होती. गुपित पोटात ठेवून त्यांचं पोट फुगलं होतं. त्यांनी दाराबाहेर बघितलं, काउंटरवर वाकले.

"रविवारी मंडळ येतंय. सगळं. आणि डॉक्टरीणबाईंचा भाऊ, तो वर्तमानपत्रात लिहितो. त्यांच्यासमोर मी ताडपत्री उचलणार. सोमवारी मग पुरातत्त्ववाल्यांना कळवेन."

मी इस्त्री उभी केली. "म्हणजे, बुधवारी तुम्ही गप्प बसलात ते..."

"तेव्हाच बोललो असतो तर शोध कुणाच्या नावावर गेला असता? ऑफिसातल्या कुठल्यातरी टाय लावलेल्या पोराच्या! मी काय खुळा आहे? फोटोसुद्धा काढला नाही. फोटो धुऊन देणारे चोर असतात."

"आणि सोरा एर्सिलिया?"

त्यांनी असा उसासा सोडला, जणू त्या बाईला चार मजले त्यांनीच उचलून आणायचं होतं. "लोरेदाना, कला सगळ्यांची असते."

"आणि काल जे न्योक्की खाल्लेत, ते कुणाचे होते?"

"उत्तम होते," सोर ओरेस्ते म्हणाले. "मीठ जरा कमी."

मी आयुष्यात पुष्कळ हलकट माणसं पाहिलीत, काही तर माझ्या सासरी आहेत. पण त्यांना निदान आपण हलकट आहोत हे ठाऊक असतं. हा मनुष्य एका म्हातारीच्या उपकाराचं जेवण जेवून, ढेकर देऊन तिचा जिना पुन्हा बंद करायला निघाला होता, आणि वर इतिहास आपल्याला धन्यवाद देईल अशी त्याची खात्री होती. मी म्हटलं, "जॅकेट तयार ठेवते." आणि ते गल्लीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हसत राहिले.

मग मी नाझारेनोकडे गेले. तो मिरेल्लाच्या बारमध्ये, म्हणजे आमच्या कॉफीच्या अड्ड्यावर, पत्ते खेळत होता. मी कानात सांगितलं. त्याने पत्ते खाली ठेवले. जिंकायचे पत्ते होते, म्हणून सांगते.

"काँक्रीट सोमवारी यायचं होतं," तो म्हणाला.

"सोमवारी कशाला?"

"हो ना. कशाला?"

शनिवारी सोर ओरेस्ते वाचनालयात जातात, तेही सकाळपासून. त्या दिवशी तर भाषण पाठ करायला गेले होते. ते ट्राममध्ये चढले आणि फाटकातून काँक्रीटची गाडी आत आली. नाझारेनोने आधी स्वतः खड्ड्यात उतरून शेपटीवर जाड प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर बारीक वाळू पसरली, हाताने सारखी केली. पोराच्या अंगावर पांघरूण घालतात तशी. "दोन हजार वर्षं झोपलास," तो माशाला म्हणाला, "आणखी थोडा झोप. वर एक बाई घाईत आहे." मग त्याने हात वर केला आणि काँक्रीट सुटलं. संध्याकाळी त्यावर पुन्हा तीच ताडपत्री, तशीच, चारही कोपऱ्यांना त्याच विटा.

रविवारचा सोहळा चुकवलेला माणूस आमच्या चौकात नव्हता. काही जण तर चर्चला गेले नाहीत. सोर ओरेस्ते पांढऱ्या जॅकेटात, मागे मंडळ, डॉक्टरीणबाई, आणि तिचा तो भाऊ, कानामागे पेन्सिल. ताडपत्रीपाशी उभं राहून त्यांनी इतका वेळ भाषण केलं की अंजिराच्या झाडावरचे पक्षी उठून शेजारच्या चौकात गेले. नम्रता, चिकाटी, आणि एका साध्या ट्रामवाल्याची नजर. मग छत्रीच्या टोकाने त्यांनी ताडपत्री झटक्यात उडवली.

खाली काँक्रीट. राखाडी, सपाट, अजून ओलसर. एका कोपऱ्यात मांजराची पावलं.

"हे काय आहे, प्रोफेसर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सोर ओरेस्तेंची पंचाईत झाली. ओरडावं, तर इतके दिवस आपण का कळवलं नाही, ते त्या पेन्सिलवाल्यासमोर सांगावं लागणार. कायद्यात त्याला दंड आहे, आणि दंड काय असतो हे तिकीट तपासनिसाला दुसऱ्या कुणी समजवायला नको. न ओरडावं, तर छत्री वर धरून हसू व्हायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या जॅकेटाच्या बाह्यांकडे बघून मान डोलावली. घडी नव्हती.

आणि त्याच वेळी वरून, चौथ्या मजल्यावरून, सोरा एर्सिलियाने दोन्ही हात बाहेर काढून हाक मारली, "सोर ओरेस्ते! देव तुमचं भलं करो! ऐकलंत का मंडळी, या माणसाने माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्या मुलाने केलं नसतं!"

सगळ्या कळपाने मान वर केली, मग त्यांच्याकडे बघितलं. माणूस असता तर तिथल्या तिथे काँक्रीटमध्ये शिरला असता. सोर ओरेस्तेंनी छत्री खाली घेतली, घसा साफ केला आणि म्हणाले, "मित्रांनो, रोममधलं सर्वांत दुर्मीळ काय असेल, तर ते म्हणजे न दाखवण्याचा संयम." डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. भावाने पेन्सिल काढून काहीतरी टिपलंसुद्धा! टाळ्या पडल्या. मी आत जाऊन इस्त्रीच्या वाफेत तोंड घातलं आणि मनसोक्त शिव्या दिल्या.

पावसाळी दिवस सुरू झाले तशी लिफ्ट तयार झाली. पहिल्या फेरीला सोरा एर्सिलिया काळा पोशाख करून, ओठ रंगवून, हातात पर्स घेऊन बसली. हो, बसलीच; नाझारेनोने आत खुर्ची ठेवली होती. लिफ्ट खाली यायला लागली तशी तिने डोळे मिटले. दार उघडलं तेव्हा तिने आधी पाय बाहेर टाकला, मग डोळे उघडले. चौक ओलांडून गल्लीत, गल्ली ओलांडून मिरेल्लाच्या बारमध्ये. तिथे आर्जियाला खिडकीशी बसवून ठेवलं होतं. दोघींनी एकमेकींचे चेहरे हातात धरले. अख्खा बार नाकं पुसत होता.

"म्हातारी झालीस," सोरा एर्सिलिया म्हणाली.

"काय?"

"म्हातारी झालीस!"

"आणि तू केस कसल्या रंगाने रंगवलेस? बुटाच्या?"

झालं. दोन हिवाळ्यांचं सगळं बाकी भांडण त्यांनी पहिल्या कॉफीतच संपवायला घेतलं, अगदी कानाला तोंड लावून. आईची सोन्याची पिन कुणी घेतली इथपर्यंत गाडी आली होती, इतक्यात बारच्या दारात सोर ओरेस्ते उभे. टोपी हातात. कुणी बोलावलं नव्हतं. पण आभार स्वीकारायची वेळ त्यांना बरोबर कळते, तशी माझ्या वहीतली उधारी फेडायची कधी कळत नाही.

सोरा एर्सिलियाने त्यांचा हात धरून ओढला. "आर्जिया! हेच ते!"

"कोण?"

बारमध्ये तिऱ्हाईत माणसं होती. माशाचं नाव काढायची सोय नव्हती. तिने एक क्षण विचार केला, मग छातीत हवा भरली आणि अशी ओरडली की गल्लीच्या टोकाच्या भाजीवाल्यानेही मान वळवली.

"सोर ओरेस्ते! ज्यांना काही सापडलं नाही ते!"

"काय सापडलं नाही?"

"काहीच नाही! खड्ड्यात उतरले, गुडघ्यांवर बसून बघितलं, आणि काहीसुद्धा सापडलं नाही!"

आर्जियाने सोर ओरेस्तेंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. रेशमी रुमाल, पांढरं जॅकेट, हातातली टोपी.

"मग," तिने बहिणीला अगदी मोठ्याने विचारलं, "हा आभार कशाचे घ्यायला आलाय?"

कुणी हसलं नाही. आम्ही हसू शकत नव्हतो, हसलो असतो तर सोरा एर्सिलियाला कारण सांगावं लागलं असतं. सोर ओरेस्तेंनी खुर्ची ओढली, दोघी बहिणींच्या मध्ये बसले आणि मिरेल्लाला सांगितलं, "एक कॉफी. आणि तो क्रीमचा बन. सोरा एर्सिलिया देतायत."